दख्खन ट्रॅपचे कालविभाजन

दख्खन ट्रॅपचे कालविभाजन म्हणजे पश्चिम व मध्य भारतातील बेसाल्टी लाव्हा थरांची त्यांच्या क्रमानुसार विभागणी करणे, दूरदूरच्या थरांची परस्परांशी जुळणी करणे आणि त्यांना भूवैज्ञानिक कालगणनेत स्थान देणे होय. पुणे शहर, त्याच्या सभोवतीच्या टेकड्या आणि सह्याद्रीची मुख्य रांग याच थरांची बनलेली आहे. ज्याला बोलीभाषेत काळा पाषाण किंवा काळवत्री दगड म्हणतात तो खडक म्हणजेच बेसाल्ट होय.

हे थर दिसण्यात एकमेकांसारखे असून बहुतेकांत जीवाश्म मुळीच नसतात. त्यामुळे गाळाच्या खडकांसाठी वापरली जाणारी विभागणीची नेहमीची रीत येथे अपुरी पडते. तिच्याऐवजी खडकाचे रासायनिक संघटन, त्यात गोठून राहिलेले चुंबकत्व, किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढलेले वय आणि दोन प्रवाहांच्या दरम्यान सापडणारे जीवाश्म अशी चार वेगवेगळी साधने एकत्र वापरावी लागतात. दख्खनचे मुख्य उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉरांसह अनेक जीवजातींच्या विलोपाच्या सुमारास झाले. या उद्रेकांचा त्या विलोपाशी कितपत संबंध होता, या प्रश्नाचे उत्तर थरांच्या अचूक कालविभाजनावर अवलंबून आहे.

मूळ संकल्पना

भूवैज्ञानिक कालविभाजनात दोन प्रकारची एकके वेगळी मानली जातात. पहिले खडकाचे एकक. विशिष्ट गुणधर्मांवरून ओळखता येणाऱ्या व नकाशावर दाखविता येणाऱ्या थरांच्या समुच्चयाला शैलसमूह म्हणतात. अनेक शैलसमूह मिळून उपगट व अनेक उपगट मिळून गट होतो. दुसरे काळाचे एकक. महाकल्प, कल्प, युग अशी त्याची उतरती श्रेणी आहे. उदाहरणार्थ, मध्यजीव महाकल्पाचा शेवटचा कल्प क्रिटेशस हा असून त्यानंतर नवजीव महाकल्पातील पॅलिओजीन कल्प सुरू होतो.

खडकाचे एकक व काळाचे एकक यांच्या सीमा एकच असतील असे नाही. एकाच शैलसमूहाचा एका जिल्ह्यातील भाग दुसऱ्या जिल्ह्यातील भागापेक्षा जुना असू शकतो. म्हणून दोन ठिकाणचे खडक सारखे आहेत असे दाखविणे आणि ते एकाच काळी निर्माण झाले असे सिद्ध करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या कृतीला शैल-सहसंबंध व दुसरीला काल-सहसंबंध म्हणता येईल.

थरांचा मूळ क्रम बिघडलेला नसेल तर खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा असतो. अध्यारोपणाचा हा नियम नील्स स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये मांडला. निरनिराळ्या काळांतील थरांत निरनिराळे जीवाश्म ठरावीक क्रमाने येतात, हे इंग्लंडमधील विल्यम स्मिथ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. जगाची भूवैज्ञानिक कालश्रेणी प्रथम या दोन तत्त्वांवर उभी राहिली. वर्षांचे आकडे तिला विसाव्या शतकात, किरणोत्सर्गाच्या शोधानंतर मिळाले.

विस्तार व स्वरूप

दख्खन ट्रॅपचे खडक आज सुमारे ५ लाख चौ. किमी. क्षेत्रावर पसरलेले आहेत. महाराष्ट्राचा बहुतेक भाग, मध्य प्रदेश व गुजरातचे मोठे भाग आणि कर्नाटक, तेलंगणा व आंध्र प्रदेशाचे काही भाग त्यांत मोडतात. ‘ट्रॅप’ हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. कठीण व मऊ थरांची कमीअधिक झीज झाल्यामुळे सह्याद्रीच्या उतारांना जो पायऱ्यांसारखा आकार येतो, त्यावरून हे नाव पडले.

थरांची जाडी सर्वत्र सारखी नाही. कोयना परिसरातील एका संशोधन विंधणात सुमारे ९३३ मी. बेसाल्ट भेदल्यावर खालचा प्राचीन पाया लागला. लातूर जिल्ह्यातील किल्लारी येथे भूकंपानंतर घेतलेल्या विंधणात बेसाल्टची जाडी ३३८ मी. भरली. पूर्वेकडे नागपूरच्या दिशेने ती आणखी कमी होत जाते.

प्रत्येक प्रवाहाचा मधला भाग घट्ट असून माथ्याकडील भाग वायूंच्या पोकळ्यांमुळे सच्छिद्र असतो. या पोकळ्या पुढे झिओलाइट, कॅल्साइट व क्वार्ट्‌झ यांनी भरून निघतात. विहिरी खोदणारे लोक अशा ठिपकेदार, मऊ खडकाला मांजऱ्या म्हणतात. दोन प्रवाहांच्या मध्ये पुष्कळदा तांबड्या मातीसारखा पातळ थर आढळतो. त्याला ‘बोल’ अशी संज्ञा आहे. एक प्रवाह थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत काही काळ गेला होता, याची ती खूण समजली जाते. मात्र तो काळ किती होता हे केवळ बोलच्या जाडीवरून ठरविता येत नाही.

प्रारंभीचे विभाजन

विल्यम हेन्री सायक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३० च्या दशकात दख्खनच्या भूरचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. थरांचे आडवेपण व त्यांचा प्रचंड विस्तार त्याने नोंदविला. नागपूर येथील मिशनरी स्टीफन हिस्लॉप याने रॉबर्ट हंटर याच्या साहाय्याने नागपूर परिसरातील लाव्हा थरांच्या दरम्यान सापडणारे गोड्या पाण्यातील शंख, वनस्पती व इतर जीवाश्म गोळा केले. अशा गाळाच्या थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. लाव्हाच्या उद्रेकांदरम्यान तळी व दलदली निर्माण होत आणि त्यांत जीवसृष्टी नांदत असे, हे त्यांवरून स्पष्ट झाले.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली. तिच्यातील विल्यम ब्लॅनफर्ड यांच्या १८६० च्या दशकातील कामातून दख्खन ट्रॅपचे खालचा, मधला व वरचा असे तीन विभाग रूढ झाले. खालच्या विभागात नागपूर व नर्मदेच्या परिसरातील, तर वरच्या विभागात मुंबई बेटावरील आंतरट्रॅपी थर येतात आणि मधला विभाग जवळजवळ जीवाश्मरहित आहे, अशी ही मांडणी होती. पाठ्यपुस्तकांतून ती शतकाहून अधिक काळ शिकविली गेली. जीवाश्मांची उपस्थिती हा तिचा आधार होता, परंतु निरनिराळ्या ठिकाणच्या थरांमधील प्रत्यक्ष वरखालीपणा तपासलेला नव्हता. एखाद्या भागात तळी साचण्याजोगी भूरचना होती की नाही, यावरही आंतरट्रॅपी थरांचे अस्तित्व अवलंबून असते, ही बाब तीत सुटली होती.

वयाबद्दलही एकमत नव्हते. ट्रॅपखालील लॅमेटा थरांत डायनोसॉरांची हाडे सापडत असल्यामुळे काहींनी ट्रॅप क्रिटेशस कल्पातील मानले. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा व डोंगरगाव ही अशा अवशेषांची प्रसिद्ध स्थळे होत. याउलट पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी १९३० च्या दशकात आंतरट्रॅपी थरांतील ताड-माडवर्गीय व इतर वनस्पतींच्या आधारे ट्रॅप नवजीव महाकल्पाच्या आरंभीचे, इओसीन काळातील असल्याचे प्रतिपादिले. दोन्ही पक्षांचे पुरावे खरे होते. मात्र ते निरनिराळ्या ठिकाणचे होते आणि ही ठिकाणे कालक्रमाने परस्परांशी जोडण्याचे साधन तेव्हा उपलब्ध नव्हते.

भूरासायनिक विभाजन

१९८० च्या दशकात पश्चिम घाटातील थरांचे रासायनिक पद्धतीने विभाजन सुरू झाले. घाटरस्त्याने पायथ्यापासून माथ्यापर्यंत प्रत्येक प्रवाहाचा नमुना घ्यावयाचा, त्याची उंची नोंदवावयाची आणि टायटॅनियम, बेरियम, झिर्कोनियम, स्ट्रॉन्शियम अशा मूलद्रव्यांचे प्रमाण मोजावयाचे, अशी ही पद्धत आहे. एका घाटातील रासायनिक क्रम शेजारच्या घाटातही त्याच क्रमाने मिळाला तर दोन्हींचा सहसंबंध जुळतो.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील के. व्ही. सुब्बाराव आणि पीटर हूपर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नकाशात हे विभाजन एकत्रित मांडले गेले. त्यानुसार पश्चिम घाटातील थरांचे खालून वर तीन उपगट व बारा शैलसमूह होतात :

- कळसूबाई उपगट : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर
- लोणावळा उपगट : खंडाळा, बुशे
- वाई उपगट : पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर

शिलारस वर येताना वाटेतील भूकवचाचा किती अंश त्यात मिसळला, यावर या शैलसमूहांमधील फरक मुख्यत्वे अवलंबून आहेत. बुशे शैलसमूहात हे मिश्रण सर्वाधिक आहे. त्यातील स्ट्रॉन्शियम-८७ व स्ट्रॉन्शियम-८६ या समस्थानिकांचे मूळ गुणोत्तर सुमारे ०.७१३ ते ०.७२० इतके भरते. आंबेनळी शैलसमूहात मिश्रण अत्यल्प असून तेथे हे गुणोत्तर ०.७०४ च्या आसपास असते. पोलादपूरची मूल्ये या दोहोंच्या दरम्यान येतात.

प्रत्यक्ष डोंगरात ओळखू येणारी खूणही काही ठिकाणी उपयोगी पडते. काही प्रवाहांत प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजाचे कित्येक सेंमी. लांबीचे पांढुरके स्फटिक विखुरलेले असतात. अशा महास्फटिकी बेसाल्टचे थर निर्देशक म्हणून वापरले जातात. मंचर येथील निर्देशक थर ठाकूरवाडी शैलसमूहाच्या, तर गिरवली येथील थर भीमाशंकर शैलसमूहाच्या माथ्याशी आहे. दोन्ही स्थळे पुणे जिल्ह्यात आहेत.

केवळ समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून थर जुळविणे मात्र धोक्याचे असते. पश्चिम घाटातील थर आडवे वाटले तरी दक्षिणेकडे अतिशय मंद, एका अंशाहूनही कमी कोनात कललेले आहेत. त्यामुळे इगतपुरीजवळ डोंगरात दिसणारे जुने शैलसमूह दक्षिणेकडे जमिनीखाली जातात आणि महाबळेश्वर, पन्हाळा येथे अधिक नवे शैलसमूह माथ्यावर दिसतात.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे विभाजन

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने आपल्या नकाशांसाठी स्वतंत्र विभाजन स्वीकारले आहे. त्यात पश्चिम महाराष्ट्रातील थरांना सह्याद्री गट असे नाव असून साल्हेर, खालचा रतनगड, वरचा रतनगड, इंद्रायणी, कार्ला, दिवेघाट, पुरंदरगड व महाबळेश्वर असे शैलसमूह खालून वर मानले आहेत. प्रवाहांची बाह्य ठेवण व महास्फटिकी निर्देशक थर हा या विभाजनाचा आधार आहे. प्रवाह एकसंध जाड आहे की अनेक लहान लहान जिभांच्या चळतीने बनलेला संयुक्त प्रवाह आहे, हे उघड्या डोळ्यांनी पाहता येते. त्यामुळे भूजल, बोगदे, धरणे व खाणी यांच्या कामात हे विभाजन अधिक सोयीचे ठरते.

दोन्ही विभाजनांच्या सीमा एकमेकींशी तंतोतंत जुळत नाहीत. ‘महाबळेश्वर’ हे नाव दोहोंत येत असले तरी त्याची व्याख्या निरनिराळ्या कसोट्यांवर केलेली आहे. म्हणून एखादा शोधनिबंध किंवा अहवाल वाचताना त्यातील शैलसमूहांची नावे कोणत्या विभाजनातील आहेत, हे प्रथम पाहावे लागते.

पुराचुंबकीय सहसंबंध

लाव्हा थंड होताना त्यातील चुंबकीय खनिजे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा आपल्यात साठवून ठेवतात. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र अनियमित अंतराने उलटते. ते आजच्यासारखे असते तेव्हा सम व त्याविरुद्ध असते तेव्हा व्युत्क्रमी ध्रुवता म्हणतात. असा बदल सर्व पृथ्वीवर भूवैज्ञानिक दृष्टीने जवळजवळ एकाच वेळी नोंदला जातो. त्यामुळे समुद्रतळ, गाळाचे खडक आणि लाव्हा यांची जुळणी करण्यास तो विशेष उपयोगी पडतो.

खंडाळा व इतर ठिकाणच्या लाव्हांतील चुंबकत्वाचा अभ्यास १९५० च्या दशकात झाला. उद्रेकांच्या वेळी भारतीय भूखंड विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेस होता, असे त्यातून दिसून आले. खंडांच्या विस्थापनाच्या कल्पनेला मिळालेला हा एक महत्त्वाचा पुरावा होता. आज सुमारे १८.५° उत्तर अक्षांशावर असलेला पुण्याचा परिसर त्या वेळी सुमारे ३०° दक्षिण अक्षांशाच्या आसपास होता.

फ्रेंच भूभौतिकीविज्ञ व्हॅन्सां कूर्तियो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये असे दाखविले, की दख्खनच्या थरांच्या जाड राशीत ध्रुवतेचे बदल फारच थोडे आहेत. खाली सम, मध्ये व्युत्क्रमी व वर पुन्हा सम असा साधा क्रम मिळतो आणि बहुतेक थर मधल्या व्युत्क्रमी विभागात येतात. जागतिक चुंबकीय कालश्रेणीतील ३०-सम, २९-व्युत्क्रमी व २९-सम या कालखंडांशी तो जुळतो. २९-व्युत्क्रमी हा कालखंड सुमारे ६ ते ७ लाख वर्षांचाच होता. याचा अर्थ पश्चिम घाटातील बहुतांश लाव्हा भूवैज्ञानिक दृष्टीने अत्यल्प अवधीत बाहेर पडला. २९-व्युत्क्रमी ते २९-सम हा बदल महाबळेश्वर शैलसमूहाच्या खालच्या भागात आढळतो.

ध्रुवतेवरून मात्र केवळ सम किंवा व्युत्क्रमी एवढेच कळते. एक सम कालखंड दुसऱ्यापासून वेगळा ओळखण्यास जीवाश्मांची किंवा किरणोत्सर्गी वयाची जोड द्यावीच लागते.

किरणोत्सर्गी कालमापन

पोटॅशियम-४० या समस्थानिकाच्या ऱ्हासातून आर्गॉन-४० निर्माण होतो. या ऱ्हासाचा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. खडकातील या दोहोंच्या प्रमाणावरून त्याचे वय काढता येते. या पद्धतीने दख्खनच्या बेसाल्टची जी प्रारंभीची मापने झाली त्यांत वये कित्येक कोटी वर्षांच्या पट्ट्यात विखुरलेली मिळाली. उद्रेक तितका काळ चालले होते असा त्याचा अर्थ काही काळ लावला गेला. वस्तुतः झिजलेल्या खडकातून आर्गॉन निसटल्यामुळे काही वये प्रत्यक्षापेक्षा कमी आणि पूर्वीचा आर्गॉन अडकून राहिल्यामुळे काही वये जास्त आली होती.

आर्गॉन-आर्गॉन पद्धतीत नमुना प्रथम अणुभट्टीत न्यूट्रॉनांच्या माऱ्याखाली ठेवतात व नंतर टप्प्याटप्प्याने तापवून त्यातून निघणारा वायू मोजतात. त्यामुळे बिघडलेला नमुना ओळखता येतो. रॉबर्ट डंकन व डग्लस पाइल यांनी १९८८ मध्ये या पद्धतीने पश्चिम घाटातील थरांची वये काढली आणि उद्रेक अल्पकाळात झाल्याच्या चुंबकीय निष्कर्षाला दुजोरा मिळाला.

युरेनियम-शिसे पद्धती झिर्कॉन या खनिजासाठी वापरतात. बेसाल्टमध्ये झिर्कॉन क्वचितच असतो. परंतु काही बोल थरांत तो सापडतो. उद्रेकांच्या दरम्यान अन्यत्र उडालेली सिलिकायुक्त ज्वालामुखी राख येथे येऊन पडली व तिच्याबरोबर हे स्फटिक आले, असा त्याचा अर्थ लावतात. अशा झिर्कॉनांवरून काढलेल्या वयांच्या आधारे २०१५ मध्ये असा निष्कर्ष प्रसिद्ध झाला, की मुख्य उद्रेक क्रिटेशस कल्प संपण्यापूर्वी सुमारे २.५ लाख वर्षे सुरू झाले व एकंदर सुमारे ७.५ लाख वर्षे चालले.

जुन्या पाठ्यपुस्तकांत क्रिटेशसचा शेवट ६.५ कोटी वर्षांपूर्वी दिलेला असतो, तर आज ६.६ कोटी वर्षे हा आकडा मान्य आहे. सीमा स्वतः हललेली नाही. प्रमाण म्हणून वापरल्या जाणाऱ्या खनिजाचे वय व ऱ्हासाचे स्थिरांक अधिक अचूक झाल्यामुळे आकडा सुधारला आहे.

जीवाश्म व दूरस्थ सहसंबंध

चारही साधने एकत्र आल्याचे ठळक उदाहरण आंध्र प्रदेशातील राजमहेंद्रवरम परिसरात मिळते. पश्चिम घाटापासून सुमारे १,००० किमी. दूर, गोदावरीच्या काठी बेसाल्टचे थर आहेत. त्यांचे रासायनिक संघटन आंबेनळी व महाबळेश्वर शैलसमूहांशी जुळते. खालच्या थरांची ध्रुवता व्युत्क्रमी आणि वरच्यांची सम आहे. दोहोंच्या दरम्यानच्या सागरी आंतरट्रॅपी थरांत पॅलिओजीनच्या अगदी आरंभीच्या, डॅनियन काळातील फोरॅमिनिफेरांचे सूक्ष्म जीवाश्म सापडतात. फोरॅमिनिफेरा हे कवचधारी एकपेशीय सागरी जीव होत. त्यांच्या जातींचा क्रम जगभरच्या सागरी गाळांत ठाऊक असल्यामुळे या थरांचे स्थान निश्चित करता येते. हे लाव्हा पश्चिमेकडून प्राचीन नदीखोऱ्यांतून वाहत आले असावेत, असे मानतात. तसे असल्यास ते ज्ञात असलेल्या सर्वांत लांब लाव्हा प्रवाहांपैकी ठरतात.

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात झिलमिली येथेही डॅनियन काळातील फोरॅमिनिफेरा मिळाले आहेत. मुंबईतील वरळी येथील आंतरट्रॅपी थर बेडकांच्या जीवाश्मांसाठी प्रसिद्ध आहेत. मुंबई परिसरातील काही ज्वालामुखी खडक पश्चिम घाटातील मुख्य उद्रेकानंतर काही दशलक्ष वर्षांनी निर्माण झाले. साहनी व त्यांचे विरोधक यांच्या वादाचा उलगडाही येथेच होतो. आंतरट्रॅपी थर सर्व एकाच काळाचे नाहीत. काही क्रिटेशसच्या अखेरचे, तर काही पॅलिओजीनच्या आरंभीचे आहेत.

रासायनिक साम्य एकटे पुरेसे नसते, हे मध्य प्रदेशातील मंडला परिसरावरून दिसते. तेथील काही प्रवाह वाई उपगटातील प्रवाहांसारखे आहेत, परंतु शिशाच्या समस्थानिकांची मापने व थरांचा क्रम पाहता ते प्रवाह थेट पश्चिम घाटातून तेथे पोचले असे म्हणता येत नाही.

क्रिटेशस–पॅलिओजीन सीमा

या दोन कल्पांमधील सीमेचे आंतरराष्ट्रीय प्रमाणस्थळ ट्युनिशियातील एल् केफ येथे आहे. तेथील इरिडियमयुक्त मातीच्या थराच्या तळाशी डॅनियन काळाचा आरंभ मानला जातो. इरिडियमचे हे आधिक्य मेक्सिकोतील चिक्शुलुब येथे आदळलेल्या अशनीमुळे आले, असे बहुसंख्य शास्त्रज्ञ मानतात. पश्चिम घाटातील लाव्हांच्या राशीत मात्र असा थर हाती लागलेला नाही. म्हणून तेथील सीमा प्रत्यक्ष दाखविता येत नाही. प्रवाहांच्या वयांवरून ती अनुमानाने ठरवावी लागते.

फेब्रुवारी २०१९ मध्ये एकाच नियतकालिकात दोन स्वतंत्र गटांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ब्लेअर शोएन व सहकाऱ्यांनी बोल थरांतील झिर्कॉन वापरले. त्यांच्या मते उद्रेक चार मोठ्या आवेगांत झाले. पोलादपूर शैलसमूहाचा आवेग विलोपाच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. कर्टनी स्प्रेन, पॉल रेनी व सहकाऱ्यांनी बेसाल्टमधील प्लॅजिओक्लेजवर आर्गॉन-आर्गॉन पद्धती वापरली. त्यांच्या मते सीमा बुशे व पोलादपूर यांच्या संधीजवळ येते आणि लाव्हाचा सुमारे ७५ टक्के भाग सीमेनंतर बाहेर पडला.

दोन्ही निष्कर्ष मुख्य उद्रेकांचा अवधी सुमारे १० लाख वर्षांहून कमी असल्याचे मानतात. मतभेद काही दशसहस्र वर्षांचा, म्हणजे ६.६ कोटींच्या तुलनेत एक सहस्रांशाच्या आसपासचा आहे. तरी त्याने कार्यकारणाची दिशा बदलते. पोलादपूरचे प्रचंड प्रवाह विलोपापूर्वीचे असतील, तर त्यांतून निघालेल्या वायूंमुळे जीवसृष्टीवर आधीच ताण आला होता असे म्हणण्यास जागा राहते. ते नंतरचे असतील, तर विलोपाच्या कारणांतून ते वगळावे लागतात आणि जीवसृष्टीच्या पुनरुज्जीवनावर त्यांचा काय परिणाम झाला, एवढाच प्रश्न उरतो.

पुणे परिसर

हा प्रश्न पुण्याच्या डोंगरांना थेट लागू पडतो. शहराच्या दक्षिणेस असलेल्या सिंहगड व कात्रज येथील थर प्रामुख्याने वाई उपगटाच्या पोलादपूर व आंबेनळी शैलसमूहांतील आहेत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या विभाजनानुसार याच परिसरात कार्ला, दिवेघाट व पुरंदरगड ही नावे येतात. शहर सुमारे ५६० मी. उंचीवर व सिंहगडाचा माथा सुमारे १,३०० मी. उंचीवर असल्यामुळे सुमारे ७०० मी. जाडीचा छेद एका दिवसाच्या चढणीत पाहता येतो. घट्ट खडकाचे कडे, मांजऱ्याचे सपाट टप्पे आणि तांबडे बोल थर यांची आलटून पालटून येणारी रचना त्यात स्पष्ट दिसते. या चढणीतील पोलादपूर शैलसमूहाचे थर मध्यजीव महाकल्पात मोडतात की नवजीव महाकल्पात, याचे उत्तर वरील दोहोंपैकी कोणता निष्कर्ष स्वीकारला जातो यावर ठरते.

बोरीची राख

सहसंबंधाचा तितकाच अवघड प्रश्न पुणे जिल्ह्यातील, पण फार अलीकडच्या काळातील एका थराबाबत उद्भवला आहे. जुन्नर तालुक्यात कुकडी नदीकाठी बोरी येथे नदीच्या गाळात ज्वालामुखी राखेचा थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्वज्ञांनी १९८० च्या दशकात त्याचा अभ्यास केला. त्याच्या सान्निध्यात आदिमानवाची अश्यूली पद्धतीची दगडी हत्यारे मिळाल्याने त्याच्या वयाला विशेष महत्त्व आले. ही राख दख्खनच्या उद्रेकांतील नाही. ती इंडोनेशियातील सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीची आहे, असे तिच्या रासायनिक संघटनावरून मानले जाते.

परंतु टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक झाले. बोरीच्या राखेचे वय एका मापनानुसार सुमारे १४ लाख, दुसऱ्यानुसार सुमारे ६.७ लाख वर्षे आले. काचकणांच्या रासायनिक साम्यावरून काहींनी ती सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वीच्या शेवटच्या महाउद्रेकाची ठरविली. इतरांनी सुमारे ८ लाख वर्षांपूर्वीच्या उद्रेकाशी तिचा संबंध जोडला. नदी जुनी राख उकरून नव्या गाळात पुन्हा टाकू शकते. त्यामुळे राखेचे वय आणि ती जेथे सापडली त्या थराचे वय एकच असेल असे नाही. हत्यारांचे वय ठरविताना हा भेद निर्णायक ठरतो.

मर्यादा

चार साधनांपैकी प्रत्येकाची मर्यादा वेगळी आहे. रासायनिक संघटनावरून प्रवाह ओळखता येतो, पण त्याचे वय कळत नाही. ध्रुवतेवरून जगभरची जुळणी होते, पण तीच ध्रुवता पुनःपुन्हा येते. किरणोत्सर्गी मापनातून वर्षांचा आकडा मिळतो, पण तो नमुन्याच्या शुद्धतेवर व प्रमाणकांवर अवलंबून असतो. जीवाश्मांवरून थराचे कालश्रेणीतील स्थान कळते, पण ते सर्वत्र सापडत नाहीत. दख्खन ट्रॅपच्या बाबतीत किमान दोन स्वतंत्र साधनांनी दुजोरा दिलेला सहसंबंधच विश्वसनीय समजला जातो. रस्ते, खाणी व बांधकामे यांसाठी टेकड्या फोडल्यामुळे काही ठिकाणी नवे छेद उघडे पडतात, तर अभ्यासलेले काही छेद नष्ट होतात किंवा झाकले जातात. म्हणून नमुना घेतलेल्या प्रत्येक प्रवाहाचे स्थान व उंची यांची काटेकोर नोंद ठेवणे, हा पुढील सर्व कालमापनाचा पाया आहे.